तमिळमधील ‘इडि’: गडगडाट, आघात की आणखी काही?

प्रश्न : कोंगूवासी

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मी कोइमतूरला राहतो आणि बाजारहाटापुरते तमिळ आता बोलता येते. परंतु ढगांच्या गडगडाटाविषयी इथली माणसे जे बोलतात, तिथे माझे अडते. आपण मराठीत ‘वीज पडली’ म्हणतो आणि गडगडाट हा तिचा नुसता आवाज समजतो. येथे मात्र ‘इडि विऴुंददु’, म्हणजे अक्षरशः ‘गडगडाट पडला’, असे सर्रास ऐकू येते. नारळाच्या झाडावर पडते ती इडि, वाईट बातमीने माणसाच्या डोक्यावर कोसळते ती इडि, आणि भांडणात ‘तुझ्या डोक्यावर पडो’ म्हणून शाप देतात तीही इडिच. विजेसाठी ‘मिन्नल’ हा स्वतंत्र शब्द असताना पाडण्याचे, जाळण्याचे आणि मारण्याचे काम आवाजाकडे कसे गेले?

दुसरी शंका अशी की आमच्या घरमालकांच्या वृद्ध मातोश्री ढग गडगडू लागले की ‘अर्जुना, अर्जुना’ असे पुटपुटतात. इंद्राचे नाव घेतले असते तर समजले असते; अर्जुन मध्येच कुठून आला? आणि तमिळ परंपरेत मेघगर्जनेची अशी स्वतंत्र देवता आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : पोथीवाचक

आपला प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. ‘इडि’ हे मुळात आवाजाचे नाव नाही, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचा गुंता बराचसा सुटतो. त्याच रूपाचे क्रियापद तमिळमध्ये आहे आणि त्याचा अर्थ ठोकणे, कुटणे, धडक देणे असा आहे. उखळात तांदूळ कुटणे म्हणजे ‘इडि’, गर्दीत कोणाचा खांदा लागणे म्हणजे ‘इडि’, जुने घर पाडणे म्हणजे ‘इडि’, आणि पावसाने भिंत आपोआप ढासळली तर त्याच धातूचे अकर्मक रूप ‘इडिंददु’. आपण न्याहारीला खात असाल त्या इडियाप्पमच्या नावातही हाच धातू असल्याचे सांगितले जाते, कारण त्याचे पीठ पूर्वी कुटून केलेले असे. अशा शब्दकुळात जन्मलेली ‘इडि’ आकाशात गेली तरी तिचा स्वभाव ठोकण्याचाच राहिला. ढगातून होणाऱ्या घावाला तमिळ माणूस इडि म्हणतो, आणि आवाज हा त्या घावाचा परिणाम असतो.

नुसत्या आवाजासाठी तमिळमध्ये वेगळा शब्द आहे : ‘मुऴक्कम’. समुद्राचा, नगाऱ्याचा, सभेतल्या घोषणांचा आणि ढगांचा असा कोणताही गंभीर, घुमणारा नाद म्हणजे मुऴक्कम. म्हणूनच ‘इडिमुऴक्कम’ हा जोडशब्द तयार होतो आणि त्यात कोणतीही द्विरुक्ती वाटत नाही. मराठीत आपण गडगडाट आणि कडकडाट असे दोन आवाज वेगळे केले आणि घाव मात्र विजेच्या नावावर टाकला. तमिळने घाव आणि घुमणे यांची फारकत केली आणि मिन्नलकडे मुख्यतः चमकणेच ठेवले. येथे एक पुस्ती जोडतो. आजच्या तमिळ वृत्तपत्रांत ‘मिन्नल ताक्कि’ म्हणजे ‘विजेच्या धक्क्याने’ माणूस दगावल्याची बातमीही येते आणि ‘इडि ताक्कि’ अशीही येते, तेव्हा ही विभागणी काटेकोर मानू नये. तरीही हवामान खात्याच्या तमिळ पत्रकातले ठरीव शब्द पाहा : ‘इडि मिन्नलुडन् कूडिय मऴै’. आपल्याकडच्या पत्रकात ‘विजांच्या कडकडाटासह पाऊस’ असतो, म्हणजे आपण वीज पुढे ठेवतो आणि ते इडि पुढे ठेवतात.

मला यातला सर्वांत मोलाचा अर्थ वाटतो तो पुढचा. इडि म्हणजे कान उपटणे, तोंडावर खडसावणे. आजही अशा स्पष्ट बोलण्याला ‘इडित्तुरै’ म्हणतात. तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ नीतिग्रंथात हा अर्थ एका जागी नाही, अनेक जागी येतो. त्यातल्या दोन ओळींच्या प्रत्येक पद्याला कुरळ म्हणतात. थोरांच्या सहवासाविषयीच्या प्रकरणात 447 वा कुरळ विचारतो की खडसावणारे सोबती ज्याने जवळ बाळगले आहेत, त्याचा नाश कोण करू शकेल. आणि लगेच 448 वा सांगतो की असे खडसावणारे ज्या राजाजवळ नाहीत, तो बेसावध राजा शत्रू नसतानाही बुडतो. दोन्हींची सुरुवातच ‘इडि’ धातूच्या रूपांनी होते. मैत्रीच्या प्रकरणातला 784 वा कुरळ तर मैत्रीची व्याख्याच बदलतो : मैत्री हसण्याखिदळण्यासाठी नसते, मित्र मर्यादा ओलांडू लागला की पुढे होऊन त्याला ‘इडि’ देण्यासाठी असते. साने गुरुजींनी कुरळ मराठीत आणला, हे अनेकांना ठाऊक असेल. परंतु अनुवादात येथे ‘उपदेश’ किंवा ‘कानउघाडणी’ असे काही आले की ढग आणि उखळ दोन्ही मागे पडतात, त्याला इलाज नाही.

म्हणींतही हाच घाव आहे. ‘मत्तळत्तुक्कु इरंडु पक्कमुम् इडि’, म्हणजे मृदंगासारख्या मद्दलाला दोन्ही बाजूंनी मार, ही म्हण आई आणि बायको यांच्यात सापडलेल्या नवऱ्यासाठी हमखास वापरतात. येथे इडिचा ढगाशी काहीही संबंध नाही, आणि तरीही ती ऐकताना ढग आठवल्याशिवाय राहत नाही.

उत्तर : संघमप्रेमी

पोथीवाचक यांच्या विवेचनाला जुन्या काव्याची जोड देतो. संगमकालीन, म्हणजे तमिळमधल्या सर्वांत जुन्या, कवितेत गर्जनेसाठी ‘उरुम्’ हा शब्द फार येतो, आणि तिचे प्रचंड रूप सांगायचे असेल तेव्हा त्याला ‘एऱु’ जोडून ‘उरुमेऱु’ किंवा ‘इडियेऱु’ म्हणतात. एऱु म्हणजे वळू किंवा आणखी काही जनावरांचा नर. कळपातल्या वळूसारखा माजलेला, धडक देणारा नाद ही कल्पना तिथे आहे, आणि आपण ‘आघात’ म्हणता ते सूत्र तिथेही तुटत नाही.

संगम कवींचा एक ठाम समज असा की गर्जनेने नाग मरतो. कुरुंदोहै या संग्रहातल्या 190 व्या कवितेत नायिका मध्यरात्री जागी आहे. नागांची मस्तके तुटतील अशी गर्जना चालली आहे. गोठ्यात अनेक गाई आहेत आणि त्यांच्यामधला वळू हलला की त्याच्या गळ्यातली एकच घंटा वाजते. धन मिळवायला गेलेल्या नायकाला तो आवाज माहीत असेल का, एवढेच ती मैत्रिणीला विचारते. गर्जनेसारख्या अवाढव्य नादाच्या शेजारी एका घंटेचा किणकिणाट ठेवण्याचे धाडस ज्या कवीने केले, त्याला माझा दंडवत. वळूचे नाव गर्जनेलाही मिळते हे मनात ठेवून ती कविता वाचली तर गोठ्यातला वळू आणि आभाळातला वळू एकाच रात्री जागे आहेत, असे वाटते. हा अर्थ माझा, टीकाकारांचा नव्हे.

नागाचा हा समज पुढे नीतिकाव्यात गेला. जैन परंपरेतल्या नालडियार या चारशे पद्यांच्या ग्रंथात म्हटले आहे की फणाधर नाग खडकाच्या कपारीत सुरक्षित असला तरी दूरवरच्या गर्जनेच्या क्रोधाने थरकापतो. तसे थोरांचा कोप ओढवून घेणाऱ्याला कितीही मजबूत आसरा मिळाला तरी उपयोग नाही. आजच्या तमिळमध्ये ‘इडि केट्ट नागम्’, म्हणजे गर्जना ऐकलेला नाग, हा वाक्प्रचार भेदरून गेलेल्या माणसासाठी वापरतात, तो याच परंपरेतला.

परंतु गर्जना म्हणजे केवळ भय, असा ग्रह करून घेऊ नये. संगम काव्यात भूप्रदेश, ऋतू आणि मनोवस्था यांची सांगड घातलेली असते, आणि वनप्रदेशाच्या ‘मुल्लै’ या विभागात ऋतू असतो ‘कार’, म्हणजे आवणि आणि पुरट्टासि हे महिने, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ. लढाईवर गेलेला नायक ‘कार सुरू होताच परत येईन’ असे सांगून गेलेला असतो. त्यामुळे पहिली गर्जना ही नायिकेच्या दृष्टीने मुदत भरल्याची द्वाही असते, आणि तो आला नसेल तर तिच्या धीराची कसोटी तिथून सुरू होते. कुरुंदोहैतल्या 66 व्या कवितेत मैत्रिणीने काढलेली पळवाट तर अप्रतिम आहे : ती म्हणते की हा खरा कार नव्हेच, अवेळी पडलेला पाऊस आहे, आणि खुळ्या कोन्ऱैच्या झाडांनी त्यालाच कार समजून फुलांचे घोस लोंबते सोडले आहेत. कोन्ऱै म्हणजे आपला बहावा. ऋतू खोटा ठरवावा पण नायकाचा शब्द खोटा ठरू देऊ नये, हा तिचा हेतू आहे.

देवतेच्या प्रश्नाबाबत : स्वतंत्र गर्जनादेव तमिळ परंपरेत ठळकपणे दिसत नाही. तोल्काप्पियम या व्याकरणग्रंथात मुल्लैचा देव मायोन, डोंगराळ प्रदेशाचा सेयोन, शेतीच्या प्रदेशाचा वेंदन आणि किनाऱ्याचा वरुण असे सांगितले आहे. यांतला वेंदन म्हणजे इंद्र, असे परंपरेने मानतात. भक्तिकाव्यात मात्र गर्जना ज्याच्या त्याच्या आराध्याच्या स्वाधीन होते. वैष्णव संतकवयित्री आंडाळ हिच्या तिरुप्पावै या काव्यातल्या चौथ्या पाशुरात, म्हणजे पद्यात, ती पर्जन्याला विनवते की समुद्रात शिरून पाणी पी, परमेश्वराच्या अंगकांतीसारखा काळा हो, पद्मनाभाच्या चक्रासारखा चमक, त्याच्या उजव्या शंखासारखा गर्ज आणि शार्ङ्ग धनुष्यातून सुटलेल्या बाणांसारखा बरस. शैव कवी माणिक्कवासगर यांच्या तिरुवेंबावैतल्या सोळाव्या पद्यातही ढग समुद्र पितो आणि चमकतो, पण तिथे काळेपणा देवीच्या वर्णाचा आहे, वीज तिच्या कृश कटीसारखी आहे, इंद्रधनुष्य तिच्या भुवईसारखे आहे आणि गर्जना तिच्या पायांतल्या सोन्याच्या नूपुरांसारखी आहे. एकाच ढगातून एकाला शंख ऐकू येतो आणि दुसऱ्याला नूपुर. ही दोन्ही काव्ये मार्गऴि महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पहाटे म्हटली जातात. आपण तिथेच राहत असल्यामुळे देवळातून ती ऐकलीही असतील.

कोंगूवासी

दोघांचे मनापासून आभार. मार्गऴिमध्ये शेजारच्या देवळाच्या कर्ण्यावर तिरुप्पावै लागते, पण तिच्यात ढगाला केलेली अशी विनवणी आहे हे कळत नव्हते. एक उपप्रश्न : इथे मिरवणुकीत ‘उरुमि’ नावाचे एक वाद्य वाजते, काठी घासून त्यातून विव्हळल्यासारखा आवाज काढतात. ‘उरुम्’ म्हणजे गर्जना असेल तर हे गर्जनेचे वाद्य समजावे का?

उत्तर : तालवाद्य

तो मोह आवरावा लागेल. तमिळमध्ये ‘र’ दोन आहेत. गर्जनेच्या ‘उरुम्’मध्ये साधा र आहे आणि वाद्याच्या ‘उऱुमि’मध्ये कठोर ऱ आहे. वाद्याचे नाव ‘उऱुमु’ म्हणजे गुरगुरणे या क्रियापदाशी जुळते, आणि चामड्यावर वाकडी काठी घासून निघणारा तो आवाज खरोखरच गुरगुरण्याचा असतो.

मात्र गर्जना आणि चर्मवाद्य यांचे नाते तमिळ परंपरेत फार जुने आणि पक्के आहे, त्यासाठी उऱुमिची गरज नाही. राजाचा ‘मुरसु’, म्हणजे नगारा, मेघासारखा गर्जतो आणि मेघ मुरसुसारखा, ही उपमा दोन्ही दिशांनी चालते. सिलप्पदिकारम् या महाकाव्यात पुहार नगरीतल्या इंद्रोत्सवाचे वर्णन आहे. कावेरीच्या मुखाशी वसलेली ही चोळांची बंदरनगरी आज पूंपुहार म्हणून ओळखली जाते. उत्सवाची दवंडी पिटायची असते तेव्हा ‘वच्चिरक्कोट्टम्’मधून मुरसु बाहेर काढून हत्तीच्या मानेवर चढवला जातो. वच्चिरक्कोट्टम् म्हणजे इंद्राच्या वज्राचे मंदिर. वज्र जिथे पूजले जाते, तिथेच नगारा ठेवलेला असतो आणि ऐरावताच्या धन्याच्या उत्सवाची घोषणा हत्तीवरूनच होते. ज्या कोणी ही व्यवस्था कल्पिली, त्याला आकाशात काय चालते ते रस्त्यावर उभे करायचे होते, असे मला वाटते. पुढे मणिमेकलै या काव्यात हाच उत्सव खंडित होतो आणि नगरी समुद्र गिळतो.

इंद्राशी तमिळ राजांचे संबंध नेहमीच नमस्काराचे नव्हते, हेही सांगायला हवे. मदुरैच्या पांड्य राजाने इंद्राच्या मुकुटावर वळे फेकून तो फोडला आणि पाऊस रोखणाऱ्या मेघांना धरून कैदेत टाकले, अशी कथा पांड्य परंपरेत अभिमानाने सांगतात. वज्रधाऱ्याचे ढग तुरुंगात टाकणारा राजा आणि वज्राच्या मंदिरात नगारा ठेवणारी नगरी, दोन्ही त्याच परंपरेतली.

इंद्राचा मान पोंगलच्या आदल्या दिवशी, बोगीला, अजूनही थोडा उरला आहे. महाराष्ट्रातही संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असतेच, पण आपल्याकडे ती तिळाची बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी यांत रमते. चेन्नईकडे मुले त्या दिवशी पहाटे छोटे ढोल बडवत फिरतात आणि जुनेपाने जाळतात.

आधुनिक काळातले उदाहरण द्यायचे तर सुब्रमण्य भारती (1882–1921) यांची पावसावरची कविता आहे. तिच्यात ‘तीम् तरिकिट’ हे नृत्याच्या तालाचे बोल पुन्हा पुन्हा येतात, आठही दिशा फुटतात, समुद्राच्या लाटा आभाळाला धडक देतात आणि मेघ ठोकतो. धडक आणि ठोक या दोन्ही ठिकाणी क्रियापद तेच, इडि. पोथीवाचकांनी सांगितलेले सगळे अर्थ त्या कवितेत एकदम वाजतात.

उत्तर : वळीव

भाषेचे जाणकार बोलत असताना हवामानाचा एक मुद्दा मांडतो. जून ते सप्टेंबर या काळात तमिळनाडूचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असतो आणि राज्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळात पडतो. त्याआधी जो पाऊस पडतो तो बहुतांशी दिवसभर जमीन तापल्यावर संध्याकाळी किंवा रात्री उठणाऱ्या वादळी ढगांचा असतो. चेन्नईचा ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस प्रामुख्याने असाच येतो. कोकणात आषाढातला पाऊस दिवसेंदिवस संततधार कोसळतो आणि त्यात गडगडाट फारसा नसतो. आपल्याकडे गडगडाट वळवाला आणि परतीच्या पावसाला असतो, म्हणजे ऋतूच्या दोन टोकांना. संगम कवींच्या ‘कार’ महिन्यांत मात्र पाऊस आणि गर्जना एकदमच येत असणार. त्यामुळे मुल्लैच्या नायिकेने आभाळाच्या रंगापेक्षा कानावर भरवसा ठेवावा, यात काव्यसंकेताइतकाच हवामानाचाही भाग आहे, असे माझे मत आहे. खरी संततधार तिथे पुढच्या ऐप्पसि महिन्यात लागते. ‘ऐप्पसि अडैमऴै’ हा शब्दप्रयोग त्या झडीसाठीच आहे.

आवाज मारतो की वीज, याचे शास्त्रीय उत्तर अर्थातच वीज हे आहे. विजेच्या मार्गातली हवा क्षणात सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापून स्फोटासारखी प्रसरण पावते आणि तोच गडगडाट. प्रकाश तत्काळ दिसतो आणि आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणून लांबून पाहणाऱ्याला या दोन वेगळ्या घटना वाटतात. पण ज्याच्या अंगणातल्या माडावर ती पडते त्याला चमक आणि दणका एकाच क्षणी जाणवतात आणि त्याच्या आठवणीत दणका राहतो. ‘इडि विऴुंददु’ हे त्या माणसाचे वाक्य आहे.

उत्तर : पोथीवाचक

अर्जुनाचा प्रश्न राहून गेला होता, तो घेतो. अर्जुन हा इंद्राचा पुत्र. वज्र ज्याचे, त्याच्या लाडक्या मुलाचे नाव घेतले की बाप आपल्यावर ते टाकणार नाही, असा सरळ कौटुंबिक हिशेब त्यामागे सांगितला जातो. काही घरांत गर्जना म्हणजे अर्जुनाच्या रथाची घरघर असे मुलांना सांगतात. ही रीत केवळ तमिळांची नाही. केरळात अर्जुन, फाल्गुन, पार्थ अशी त्याची नावे ओळीने म्हणतात आणि तेलुगू घरांतही ‘अर्जुना, फाल्गुना’ ऐकू येते. अलीकडे मोबाइलवर एक ‘शास्त्रीय’ खुलासा फिरतो की ‘अर्जुना’ म्हणताना जबडा उघडतो आणि त्यामुळे कानाला दडा बसत नाही. असे असेल तर ‘आजोबा’ म्हणूनही चालले असते. भ्यायलेल्या मुलाला आधार देणारे एक नाव, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

गोपुरावरचे तांब्याचे कलश म्हणजे प्राचीन वीजरोधक, हा दावाही आपल्या कानावर येईलच. कलश उंच आणि धातूचा आहे हे खरे, पण विजेला जमिनीपर्यंत नेणारा अखंड धातूमार्ग नसेल तर तो वीजरोधकाचे काम करत नाही, आणि गोपुरात असा मार्ग मुळात बांधलेला नसतो. चेंगलपट्टू जिल्ह्यातल्या तिरुक्कऴुकुंड्रमच्या डोंगरावरील वेदगिरीश्वराच्या स्थलपुराणात तर उलट कथा आहे : इंद्र विजेच्या रूपाने गाभाऱ्यात उतरतो आणि शिवलिंगाची पूजा करतो. तिथे आभाळातून येणाऱ्याला अडवायचे नाही, आत घ्यायचे आहे. खऱ्या वीजरोधकाला आजच्या तमिळमध्ये ‘इडितांगि’ म्हणतात. ‘तांगु’ म्हणजे भार पेलणे किंवा सोसणे, म्हणजे गच्चीवरची ती कांब इडि सोसते. आपल्या इमारतीवर ती बसवलेली आहे की नाही, हे घरमालकांना पावसाळ्यापूर्वी जरूर विचारावे.